एस्तेरबाईंचा फेरा

शाळेच्या स्टाफरूममध्ये एक लांब टेबल होतं. नोकरी लागली त्या पहिल्याच आठवड्यात माझं पेन त्या टेबलाखाली गेलं, मी वाकलो, आणि मला गायकवाड बाईंचे पाय दिसले. चपला काढून बाजूला ठेवलेल्या. उजव्या पायाचा चवडा फरशीवर एका ठिकाणी टेकत होता, मग डावा त्याच्या मागून जाऊन दुसरीकडे, मग पुन्हा उजवा, जरा पुढे. अंधारात कोणी पायऱ्या चाचपत उतरावं तसे ते पाय चालले होते. पेन घेऊन मी वर आलो. वर बाई नववीचे पेपर तपासत होत्या. चेहऱ्यावर काही नाही.

शेजारी पीटीचे सर बसले होते, त्यांना मी हळूच विचारलं. ते म्हणाले, त्यांचं ते चालूच असतं, चर्चमध्ये पेटी वाजवतात ना, पायांनी. पायांनी पेटी वाजवतात म्हणजे नेमकं काय करतात, ते मला तेव्हा कळलं नाही. पुढे कळलं, आणि मग बाई असेपर्यंत मी त्यातून सुटलो नाही.

एस्तेर गायकवाड मूळच्या नगरकडच्या. वडील कारखान्यात नोकरीला म्हणून अंबरनाथला आले आणि इथलेच झाले. बाई उंच, रुंद हाडाच्या, आखूड केसांच्या. लग्न केलेलं नव्हतं. शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एका जुन्या चाळीत दोन खोल्या होत्या, तिथे एकट्या राहायच्या. धाकटा भाऊ दानिएल बायकामुलांसह बदलापूरला. बाई विज्ञान शिकवायच्या आणि त्यांचं एक वाक्य शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ होतं: आधी निरीक्षण, मग निष्कर्ष. एकदा दुपारी कारखान्यांच्या बाजूने डोळे चुरचुरणारा वास आला आणि वर्गावर्गांतून पळापळ झाली. बाई खिडकीशी उभ्या राहिल्या, वारा कुठून येतोय ते झाडाच्या शेंड्याकडे बघून ठरवलं, मुलांना रुमाल ओले करायला लावले आणि वाऱ्याला आडव्या दिशेने सगळ्या शाळेला मैदानाबाहेर चालवत नेलं. नंतर मुख्याध्यापकांनी कौतुक केलं तेव्हा त्या म्हणाल्या की यात कौतुकासारखं काय आहे, जे समोर दिसतं ते बघायचं. अशी बाई. म्हणून तर पुढचं सगळं मला आजही पटत नाही.

त्यांचं चर्च छोटं होतं. पत्र्याचं छप्पर, भिंतींना पिवळा चुना, मागे वालधुनी. नदी म्हणायचं तिला, पण पाण्याचा रंग दर आठवड्याला वेगळा. चर्चमध्ये मराठी भजनं व्हायची, तबला-पेटीवर. पण मागच्या भिंतीला लागून एक ऑर्गन होता, खरा, नळ्यांचा. कुठल्याशा थंड हवेच्या ठिकाणचं गोऱ्यांचं चर्च बंद पडलं तेव्हा कोणीतरी तो ट्रकमध्ये घालून इथे आणला होता. हातांसाठी पट्ट्यांच्या दोन रांगा, एकीवर एक, आणि खाली पायांसाठी लाकडाच्या लांब पट्ट्या. त्यातल्या सगळ्यात मोठ्या लाकडी नळ्या छपरात मावेनात, म्हणून त्या भिंतीच्या कडेने आडव्या घातलेल्या. त्यामुळे त्यांचा आवाज वरून यायचा नाही. जमिनीलगत यायचा, बाकांच्या खालून. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी नकळत पाय वर घेतले.

मी बौद्ध घरातला, चर्चशी माझा काही संबंध नव्हता. पण बाईंना पानं उलटायला माणूस हवा होता. चर्चमधल्या कोणाला विचारलं तर तो लगेच मत देतो, तुम्ही देणार नाही, असं त्यांनी मला सांगितलं. स्वरलिपी मला वाचता येत नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, बरंच आहे, मी मान हलवली की उलटायचं. तसा मी दर शनिवारी दुपारी त्यांच्या डाव्या हाताला उभा राहू लागलो. बाई साडीत यायच्या, आतल्या खोलीत जाऊन दानिएलची जुनी पॅन्ट चढवून यायच्या, आणि कापडी पिशवीतून काळे बूट काढायच्या. पातळ तळाचे, निमुळते, शेजारच्या शहरातल्या कॅम्प दोन भागातल्या एका चांभाराकडून मापाने शिवून घेतलेले. ते बूट त्या जमिनीवर टेकवायच्या नाहीत. बाकावर बसून घालायच्या आणि बसूनच काढायच्या.

भजनं, लग्नाची गाणी, नाताळची गाणी, सगळं त्या वाजवायच्या. पण शनिवार त्यासाठी नव्हता. शनिवार एकाच रचनेसाठी होता. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन वादकाची ती रचना. तिचं परदेशी नाव चर्चमध्ये कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून बाईंनीच तिला नाव दिलं होतं, फेरा.

फेरा सुरू होतो तो एकट्या पायांनी. हात मांडीवर. पाय एक लहानशी चाल वाजवतात, खालच्या, अगदी खालच्या सुरांत. ती संपते आणि पुन्हा तीच सुरू होते. आता वर हात येतात. पुन्हा तीच चाल, वर हात काही वेगळंच म्हणतात. पुन्हा. पुन्हा. खाली काहीही बदलत नाही आणि वर सगळं बदलत जातं, हळूहळू दाटत जातं, उजवा हात एक बोलतो, डावा दुसरं, आणि पायांना त्या दोघांकडे लक्ष द्यायची मुभा नाही. हे तिन्ही एका माणसाने करायचं. मधे एका ठिकाणी ती चाल पायांकडून सुटून वर जाते आणि पाय थांबतात. मला वाटायचं, हा भाग सोपा असेल. बाई म्हणाल्या, हाच सगळ्यात अवघड, कारण तोवर पायांना थांबायची सवय राहिलेली नसते. आणि मग शेवटी त्याच चालीचा एक तुकडा सगळ्या सुरांत धावत सुटतो, एकामागे एक, पाठलाग केल्यासारखा, आणि तिथे बाई नेहमी मोडायच्या. तिथपर्यंत पोचून सलग पार झालेला फेरा मी कित्येक वर्षं ऐकला नव्हता. त्यांनीही नव्हता.

हेच का, असं मी एकदा विचारलं. त्यांनी बूट काढता काढता सांगितलं. त्या कॉलेजात असताना मुंबईतल्या एका मोठ्या चर्चमध्ये परदेशातला वादक आला होता. आत जागा नव्हती, या दारात उभ्या. त्याने हा फेरा सुरू केला तेव्हा हात मांडीवर होते म्हणून कोण वाजवतंय तेच कळेना.

"जमिनीखालून कोणीतरी मला नावाने हाक मारली असं वाटलं," बाई म्हणाल्या. "चांगल्यासाठी की वाईटासाठी, ते नाही कळलं. पण नाव माझंच होतं."

विज्ञानाच्या बाईंच्या तोंडी हे वाक्य मला बरं वाटलं नाही. मी पानं गोळा केली. मत न देणारा माणूस म्हणूनच तर मी तिथे होतो.

चर्चमध्ये त्या ऑर्गनबद्दल आणि फेऱ्याबद्दल लोक बोलू लागले ते वयस्कर पाळकसाहेबांच्या अंत्यविधीपासून. शवपेटी समोर ठेवलेली, बाईंनी गाणं संपवलं, हात उचलले, पाय उचलले, आणि एक सूर चालूच राहिला. सगळ्यात खालचा. कोणी वाजवत नसताना. नवे पाळक प्रार्थना म्हणायला उभे राहिले, थांबले. तो सूर बाकांच्या खालून येत होता आणि खिडक्यांच्या काचा त्याच्याबरोबर बारीक थरथरत होत्या. बाहेर कुत्री उठून उभी राहिली. एक म्हातारी रडायला लागली, शेजारची तिला घेऊन बाहेर गेली. बाई शांतपणे उठल्या, भिंतीच्या कडेला गुडघ्यांवर बसल्या आणि त्या आडव्या नळीच्या मुळाशी हात घालून काहीतरी ओढलं. सूर थांबला. ओल्या हवेने चामड्याची पट्टी फुगली होती, झडप बसत नव्हती, इतकंच. बाईंनी सगळ्यांना ते नीट समजावूनही सांगितलं. पण मोठ्या पेटीने, ऑर्गनला लोक तेच म्हणायचे, पाळकसाहेबांना हाक मारली, अशी गोष्ट चर्चमध्ये राहिली ती राहिलीच. त्यानंतरच्या पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं, दानिएलचं तळमजल्यावरचं घर छातीइतकं बुडालं. त्याच्या आदल्या शनिवारी बाईंनी फेरा वाजवला होता, हेही कोणीतरी जोडलं. बाई हसल्या. दर शनिवारी वाजवते, म्हणाल्या, मग दर रविवारी पूर यायला हवा.

मी पण हसलो. मात्र दानिएल हसला नाही. तो चर्चच्या कमिटीवर होता, बहिणीपेक्षा दहा वर्षांनी लहान, शांत, जाडजूड माणूस. एका केमिकल कारखान्यात नोकरीला. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं की ताई हल्ली चालताना अडखळते का. माझ्या तर लक्षात आलं नव्हतं. तो म्हणाला, चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि तिला कळत नाही, दोनदा पाहिलंय.

बाईंना शुगर होती. ती त्यांनी लपवली नव्हती, बिनसाखरेचा चहा सगळ्यांसमोर प्यायच्या. लपवलं होतं ते पायांचं. ते मला ज्या शनिवारी कळलं तो दिवस मी विसरू शकत नाही. तास-दीड तास झाला होता. मान हलली, मी पान उलटलं, आणि उलटताना नजर खाली गेली. पायाखालच्या लाकडी पट्ट्या फिकट रंगाच्या होत्या, वापराने गुळगुळीत झालेल्या. त्यांतल्या सात-आठ पट्ट्यांवर लाल ठिपके होते. काहींवर एक, काहींवर दाट. पाय जिथे जात होता तिथे नवा ठिपका पडत होता. बाईंची मान पुन्हा हलली. मी पान उलटलं नाही. त्यांनी चिडून वर पाहिलं, मग माझ्या नजरेच्या रोखाने खाली पाहिलं.

उजवा बूट काढला तेव्हा आत खिळा होता. टाचेकडचा नव्हे, पुढचा, तळ शिवताना ठोकलेला. झिजून आत आला होता आणि चवड्यात चांगला रुतला होता. बाई पाय मांडीवर घेऊन, मुलांना बेडूक दाखवताना बघायच्या तशा, त्या भोकाकडे बघत होत्या.

"दुखत नाही?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली, काहीच कळत नाही. पट्टी कुठे आहे ते मी आवाजावरून ओळखते." मग म्हणाल्या, "जाधव, निरीक्षण झालं तुमचं. निष्कर्ष काढू नका."

ज्या बाईंनी हजारो मुलांना एका निष्कर्षापर्यंत बोटाला धरून नेलं, त्यांनी स्वतःच्या बाबतीत ते दार असं लावून घेतलं. मी दानिएलला त्याच संध्याकाळी सांगितलं. त्याबद्दल त्या माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. मग एका शनिवारी निरोप आला, पानं उलटायला या.

जखम भरली नाही. डॉक्टरांनी त्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढलं. बाईंनी बुटात पुढे कापूस भरला. डॉक्टरांनी बजावलं होतं की निमुळता बूट घालायचा नाही, चवड्यावर भार द्यायचा नाही, जंतू हाडात गेले तर पाय ठेवता येणार नाही. बाईंनी हे सगळं दानिएलला आणि मला शब्द न शब्द सांगितलं, आकृती काढून, हाड कुठे, शीर कुठे, आणि शनिवारी पुन्हा बाकावर बसल्या. तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या. शाळा सुटल्यावर उरला फक्त फेरा. त्या चांगलं वाजवू लागल्या होत्या, हे त्यातलं सगळ्यात वाईट. मला सूर कळत नाहीत, पण मोडतं कुठे ते कळत होतं, आणि ती जागा दर आठवड्याला पुढे सरकत होती. इकडे चवड्यावरची जखमही सरकत होती. चर्चमध्ये शिरलं की एक गोडसर, कुजका वास यायचा. खिडक्या नदीच्या बाजूला होत्या. तो वास नदीचाच आहे असं आम्ही दोघं धरून चालत होतो.

शेवटी दानिएलने मोटर नेली. ऑर्गनमध्ये हवा भरणारा एक पंखा होता आणि त्याची मोटर दर दोन-तीन वर्षांनी कॅम्प दोनमध्ये लच्छूभाईकडे वाइंडिंगला जायची. तशीच गेलीय असं बाईंना सांगण्यात आलं. दोन आठवडे गेले, चार गेले. हवा हाताने भरायचा एक लाकडी दांडाही होता मागे, जुना. पण तो मारायला ताकदीचा माणूस लागायचा, आणि कमिटीने, म्हणजे दानिएलने, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की बाईंना कोणी मदत करायची नाही.

एका सकाळी बाई माझ्या घरी आल्या. रिक्षा खाली थांबवली होती. कॅम्प दोनला जाऊ, म्हणाल्या.

लच्छूभाईचं दुकान म्हणजे आठ फुटांचा गाळा, तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा वास, बाहेर हातगाड्यांची गर्दी. तो सिंधी माणूस बाईंना अदी म्हणायचा, म्हणजे ताई. आधी तो म्हणाला, पार्ट नहीं आया. बाईंनी गाळ्यात नजर फिरवली. मोटर फळीवर होती, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, रंगसुद्धा नवा. लच्छूभाईने मान खाली घातली. मग जे आहे ते सरळ सांगितलं, की काम पहिल्याच आठवड्यात झालं, पण भाऊंनी नाही द्यायची म्हणून सांगितलंय, मी काय करू, तुमच्या पायासाठीच बोलतात ते. बाई म्हणाल्या, बोलाव त्याला. आणि स्टुलावर बसल्या.

दानिएल बदलापुराहून येईपर्यंत त्या तशाच बसून होत्या. पायाला जाड पट्टी होती, पट्टीच्या कडेने पिवळं झालेलं. येणारी जाणारी गिऱ्हाइकं बघत होती. दानिएल आला तो घामाघूम. लोकांसमोर नको म्हणाला, घरी चल. बाई उठल्या नाहीत.

"ताई, डॉक्टर काय म्हणाले ते माहितीये ना तुला? पाय जाईल."

"सोमवारी जाणार आहे," बाई म्हणाल्या. "काल दाखवून आले. हाडात गेलंय. गुडघ्याच्या खाली काढणार."

हे मलाही माहीत नव्हतं. दानिएल भिंतीला टेकला. लच्छूभाईने पंखा त्याच्याकडे वळवला आणि पाणी दिलं. पाणी तसंच हातात धरून दानिएल बराच वेळ तिच्या पायाकडे बघत राहिला. मग म्हणाला, मग आता तरी सोड. बाईंनी त्याला अगदी मऊ आवाजात सांगितलं की तो पाय सोमवारनंतर कोणाचाच नाही, सोमवारपर्यंत माझा आहे, शनिवारी मला तो पाहिजे.

दानिएलने ग्लास खाली ठेवला आणि निघून गेला. लच्छूभाईने मोटर रिक्षात ठेवली. बाईंनी पैसे पुढे केले तर त्याने हात मागे घेतले. ये काम का पैसा नहीं लेगा मैं, एवढंच म्हणाला, आणि आम्ही वळेपर्यंत दुकानाच्या पायरीवर उभा होता.

शनिवारी दुपारी चर्चमध्ये मी आणि बाई. किल्ली नव्या पाळकांनी दिली, स्वतः आले नाहीत. मी मोटर बसवली. पंखा सुरू झाला, जुन्या नळ्यांमध्ये हवा भरतानाचा तो लांब श्वासासारखा आवाज आला. बाईंनी पट्टीवरूनच बूट चढवला, तो चढेना म्हणून ब्लेडने वरून उभा कापला. चेहरा तापाने लाल होता. हात मांडीवर ठेवले आणि सुरू केलं.

अर्ध्यावर गेलो असू, दाराशी सावली पडली. दानिएल. तो आत आला नाही, दारातच शेवटच्या बाकाला धरून उभा राहिला. बाईंना दिसला नसावा. पाय थांबायची ती जागा आली, पाय थांबले, चाल वर गेली, पुन्हा खाली आली. आणि मग वीज गेली.

पंखा मंदावला तसे सगळे सूर एकत्र खाली घसरले. माणूस झोपेत कण्हतो तसा आवाज झाला आणि मग नुसती शांतता, आणि बाहेरून नदीचा वास. बाईंचे हात पट्ट्यांवर तसेच होते. बोटं दाबलेली. त्या उठतील असं मला वाटलं. त्या उठल्या नाहीत.

बाकांच्या मधून पावलं आली. दानिएल आमच्याकडे न बघता ऑर्गनच्या मागे गेला. काहीतरी ओढल्याचा, धूळ झटकल्याचा आवाज झाला, मग जुनं लाकूड करकरलं, एकदा, दोनदा, आणि नळ्यांमध्ये हवा पुन्हा चढू लागली.

"कुठून?" त्याने मागून विचारलं.

"सुरुवातीपासून," बाई म्हणाल्या.

मागे क्षणभर काहीच हललं नाही. सुरुवातीपासून म्हणजे त्या पायाने पुन्हा सगळं. ते त्याला कळलं, मलाही कळलं. मग दांडा खाली गेला.

मी पानं पहिल्यावर आणली. पुढचं मी कसं सांगू. मी त्या रचनेचा जाणकार नाही. एवढंच सांगतो की त्या दिवशी खालची चाल कुठून येतेय ते मला खरंच कळेना. पायांतून येत होती की मागून, दानिएलच्या दांड्यातून, त्याच्या दमातून, की त्या दोघांच्याही खालून कुठून तरी. दर फेरीला हवा थोडी हलायची आणि सूर किंचित थरथरायचा, जिवंत माणसाच्या आवाजासारखा. मी खाली बघायचं नाही ठरवलं होतं आणि बघितलं नाही. बाईंच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता. शेवटचा तो पाठलाग आला, सगळे सूर एकमेकांच्या मागे लागले, नेहमीची मोडायची जागा आली आणि मागे पडली, आणि मी शेवटचं पान उलटलं. शेवटचा सूर त्यांनी इतका वेळ धरून ठेवला की मला भीती वाटली, या सोडणारच नाहीत. मग दांड्यामागची हवा संपली आणि तो आपोआप गेला.

दानिएल मागून बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि तो उघडपणे रडत होता. त्याने गुडघ्यावर बसून बहिणीचा बूट काढला. त्यात काय होतं ते मी लिहीत नाही.

सोमवारी पाय गेला, गुडघ्याखालून. मला वाटलं होतं, संपलं. जे हवं होतं ते मिळालं, किंमतही दिली, आता बाई बदलापुरात भावाच्या घरी शांत राहतील. पूर येऊन गेल्यापासून दानिएल तिसऱ्या मजल्यावर राहायला गेला होता. दोन-तीन महिन्यांनी मी भेटायला गेलो. बाई पलंगावर बसून मटार सोलत होत्या, कृत्रिम पाय भिंतीला टेकवून ठेवलेला. चेहरा बारीक झाला होता. मी म्हटलं, बाई, पण फेरा पूर्ण झाला.

त्यांनी मान हलवली. नाही म्हणाल्या. शेवटच्या भागात एका ठिकाणी डावा पाय एक पट्टी आधी पडला. कोणाच्या लक्षात आलं नाही, पण पडला. मग त्या भिंतीकडच्या पायाकडे बघून म्हणाल्या की याची सवय व्हायला वेळ लागेल, पण तसा फार फरक नाही, आधीचाही कळत नव्हता, हाही कळत नाही. आणि मटार सोलत राहिल्या. स्वयंपाकघरात दानिएल भांडी घासत होता, तो आवाज मधेच थांबल्याचं मला जाणवलं.

दानिएल खाली सोडायला आला. फाटकापाशी थांबून त्याने विचारलं, खरंच चूक झाली होती का? मला सूर कळत नाहीत, मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, मी मागे होतो, मला वाटलं झालं सगळं. त्याने फाटकाची कडी लावली, पुन्हा काढली. तिच्या डाव्या टाचेला भेग पडलीय, एवढंच शेवटी सांगितलं, आणि ती दाखवायला तयार नाही.

बाई त्या वर्षाच्या अखेरीला गेल्या. डाव्या पायापासून सुरू झालं आणि यावेळी डॉक्टरांना थांबवता आलं नाही. अंत्यविधीला तबला-पेटीवर भजनं झाली. मोठ्या पेटीचं झाकण कोणी उघडलं नाही. शवपेटीत बाईंचा चेहरा मी पाहिला, पण तो मला आठवत नाही. माझ्या लेखी त्यांचं शेवटचं दर्शन त्याआधीचं आहे, महिना-दीड महिना आधीचं.

शुक्रवार होता, आमच्याकडे दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद असायचा दिवस. भर दुपारी मी शिवमंदिराच्या रस्त्याने चालत घरी येत होतो. समोरून एक रिक्षा आली, सावकाश, रस्त्यातले खड्डे चुकवत. मागे बाई बसल्या होत्या, ताठ, मांडीवर कापडी पिशवी, नजर सरळ पुढे. त्यांच्या शेजारी दानिएल. मी हात वर केला. दोघांपैकी कोणाचंही लक्ष गेलं नाही. दानिएलने शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या आणि तो आपल्या तळहातांकडे बघत होता. रिक्षा माझ्या शेजारून गेली आणि चर्चच्या गल्लीत वळली.